हिरव्या नाडीची किल्ली

“सर, माझा दाखला पाहिजे,” यास्मिन म्हणाली, आणि माझा हात आपोआप पँटच्या खिशाकडे गेला.

खिशात स्कूटरची किल्ली होती आणि तिच्याच कडीत सकाळपासून एक जास्तीची किल्ली अडकवलेली होती. आमचे हेडक्लार्क पाटणे भाऊसाहेब कामासाठी जिल्हा कार्यालयात गेले होते. जाताना त्यांनी दाखल्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि बजावलं, “कुणी दाखला मागाय आलं तर रजिस्टरवर सही घ्या आन् देऊन टाका, जंगम सर. पोरांना अडवू नका.” किल्लीला फायलीची हिरवी नाडी बांधलेली होती, नाडीला पुठ्ठ्याचा एक तुकडा, आणि त्यावर भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘व्यवसाय विभाग, दाखले’. हरवायला नको म्हणून मी ती स्कूटरच्या किल्लीसोबत ठेवली होती. या गोष्टीला अठरा वर्षं झाली, पण ती नाडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

यास्मिनला धाप लागली होती आणि ती हसत होती. मिरजेच्या पॉलिटेक्निकची दुसरी यादी लागली होती, तिचं नाव इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आलं होतं, आणि हजर व्हायचा आजचाच दिवस होता. संध्याकाळी पाचला खिडकी बंद. तिचे अब्बा बाकीची कागदपत्रं घेऊन सकाळपासून मिरजेत रांगेला लागले होते. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला तेवढा आमच्याकडे अडकला होता, कारण जूनमध्ये तिनं आमच्याकडे प्रवेश घेतला होता. अगदी तीनची एसटी पकडली तरी साडेचारपर्यंत मिरज. तेव्हा नुकते अकरा वाजले होते. दाखला काढून द्यायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

मी म्हणालो, “अगं, किल्ली भाऊसाहेबांकडे आहे. ते सांगलीला गेलेत.”

मी असं का म्हणालो, ते आता सांगायलाच हवं. मी तालुक्याच्या गावातल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला शिकवत होतो. विषय रेडिओ आणि टीव्ही दुरुस्ती. वर्गाचा पट वीसच्या खाली गेला की तुकडी बंद आणि मास्तर अतिरिक्त. ‘अतिरिक्त’ या शब्दाची आम्हा मास्तर लोकांना किती धास्ती असते, ते बाहेरच्याला कळायचं नाही. शिवणकाम विभागाच्या बाई आदल्या वर्षी अतिरिक्त झाल्या होत्या. त्या रोज स्टाफरूममध्ये यायच्या, सही करायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. त्यांच्याशी बोलायचंसुद्धा आम्ही टाळायचो. सोमवारी पट तपासायला अधिकारी येणार होते. माझ्या हजेरीपटावर वीस नावं होती, आणि विसावं नाव होतं यास्मिन बाबालाल शिकलगार.

ही वीस नावंही काही आपल्या पायांनी चालत आली नव्हती. मे महिनाभर मी स्कूटरवरून वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या होत्या. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस काय फिरेल, एवढा मी मुलं गोळा करत फिरलो. बाबालालभाईंचं स्टो आणि गॅसशेगड्या दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. मी गेलो तेव्हा यास्मिन बर्नर उघडून, पिन घालून त्याची भोकं साफ करत बसली होती. मी बाबालालभाईंसमोर माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. जग एक बाजारपेठ झालंय, जागतिकीकरणाच्या काळात नुसत्या पदवीला कुणी विचारत नाही, कौशल्य पाहिजे कौशल्य. घरोघरी टीव्ही आलाय, तर दुरुस्त करणारा लागणारच. त्यांनी हातातला पाना खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, आमाला जगातलं काय कळतंय? तुमी शिकल्याली मानसं. पोरगी तुमच्या हवाली.”

त्यांना एक गोष्ट मी सांगितली नव्हती. त्याच वर्षी पुण्यात आमचं प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या तरुण प्रशिक्षकानं भिंतीला टांगलेला एक चपटा टीव्ही दाखवला आणि आम्हाला विचारलं, तुमच्याकडे अजून पिक्चर ट्यूब शिकवता का? आम्ही हो म्हणालो, तर तो हसला. म्हणाला, चार-पाच वर्षांत हा माल बाजारात दिसणार नाही, बाहेरच्या देशात बनणं बंद होतंय. मी परत आलो आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फायलीला लावून टाकलं. तो काय म्हणाला, ते मी प्राचार्यांनाही सांगितलं नाही आणि बायकोलाही नाही. वीस पोरांना मी जे शिकवणार होतो, ते मोडीत निघालंय हे मला पक्कं माहीत होतं, आणि तेच भाषण मी वीस घरी जाऊन केलं होतं.

तर, किल्ली भाऊसाहेबांकडे आहे, असं मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण यास्मिनचा चेहरा उतरला आणि मला तिची दया आली. दया आली म्हणून दाखला द्यावा, तर ते झालं नाही. मी तिला मदत करायला लागलो.

आधी मी तिला घेऊन चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. सांगलीच्या ऑफिसात फोन लावतो म्हणालो आणि माझ्याच घरचा नंबर फिरवला. बायको बालवाडीत शिकवायला गेलेली, घर बंद. घंटा वाजत राहिली. मी रिसीव्हर यास्मिनच्या कानाला लावला, तिनंही ऐकलं. कुणी उचलत नाही गं, मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि बूथवाल्यानं बस म्हटलं तरी स्टुलावर बसली नाही. थोड्या वेळानं पुन्हा लावून बघू, म्हणाली. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. मला स्वतःचीच चीड यायला लागली होती, पण आता मागं फिरायचं कसं, हे कळत नव्हतं. एकदा घातलेली थाप निस्तरायला दुसरी घालावी लागते, आणि मी तर सकाळपासून तिसरीवर आलो होतो.

साडेबाराला ती म्हणाली, “सर, भाऊसाहेब घरी आले असले तर?”

भाऊसाहेबांचं गाव पंधरा किलोमीटरवर. ते तिथं नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि निघालो. सगळा रस्ता ती माझ्या पाठीमागून बोलत होती. डिप्लोमाला कुठले विषय असतात, वर्कशॉपमध्ये मुलींना घेतात का, डिप्लोमा झाल्यावर कारखान्यात लागता येतं का. तिच्या मामाचा मुलगा पुण्याला कारखान्यात होता. तिथं मोटारींमध्ये काँप्युटरचे बोर्ड बसवतात आणि ते काम मुलीच करतात, त्यांचे हात हलत नाहीत म्हणून, असं त्यानं तिला सांगितलं होतं. “माझा पण हात हलत नाही सर,” ती म्हणाली. मी हूं म्हणालो. तिचा हात मी तोवर कधी धड बघितलाही नव्हता.

भाऊसाहेबांच्या दारात मी स्कूटर उभी केली आणि किल्ली तशीच ठेवून आत गेलो. त्यांच्या पत्नीनं सांगितलं, ते संध्याकाळी सातशिवाय यायचे नाहीत. पाणी घ्या, म्हणाल्या. मी पाणी प्यायलो, मुलाबाळांची चौकशी केली, पाच-सात मिनिटं घालवली. बाहेर आलो तेव्हा यास्मिन स्कूटरशेजारी उभी होती. येताना एवढं बोलणारी पोरगी परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. निराश झाली असेल, असं मला वाटलं.

कॉलेजवर येईतो दोन वाजले. ती माझ्या वर्कशॉपच्या पायरीवर बसून राहिली. आत एका टेबलावर उघडलेला जुना टीव्ही होता, त्याच्या मागं मी उगाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. तिथून मला तिची पाठ दिसत होती. कपाट दहा पावलांवर होतं. अडीच झाले. उठावं, दाखला काढावा, ‘अगं सापडली किल्ली’ म्हणावं, असं किमान चार वेळा मनात आलं. पण दरवेळी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या शिवणकामाच्या बाई आठवायच्या आणि मी तसाच बसायचो. पावणेतीनला एसटी स्टँडच्या बाजूनं गाडीचा हॉर्न ऐकू आला. तीन वाजले. सव्वातीन झाले. मग ती उठली, पंजाबी ड्रेस झटकला आणि दारात आली.

“जाते सर,” ती म्हणाली. “तुम्ही फार धावपळ केलीत.”

मी म्हणालो, अब्बांना कसं कळवशील? ती म्हणाली, त्यांच्याकडे फोन नाही, पाचपर्यंत थांबतील आणि मग येतील. एवढंच म्हणून ती गेली. बाबालालभाई पाच वाजेपर्यंत त्या खिडकीपाशी उभे होते, असं मला नंतर कळलं. शिपायानं खिडकी लावली तरी ते अर्धा तास तिथून हलले नाहीत, पोरगी गाडी बदलून येत असेल म्हणून.

सोमवारी अधिकारी आले, वीस डोकी मोजली, चहा घेतला आणि गेले. यास्मिन पहिल्या बाकावर बसली होती.

पुढं दोन वर्षं मी तिला जीव तोडून शिकवलं. मनातली टोचणी शिकवण्यात जिरवायची, असा तो प्रकार होता. तिचा हात खरंच हलत नसे. सोल्डरिंगचा एवढा बारीक टाका घालणारा विद्यार्थी मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. पण शिकवत होतो काय, तर पिक्चर ट्यूब. ती बारावी झाली तेव्हा गावातल्या टीव्हीच्या दुकानात चपटे टीव्ही येऊन बसले होते. चार वर्षांनी आमची तुकडी बंदच झाली. ज्याला भिऊन मी हे सगळं केलं, ते माझ्या वाट्याला आलंच. पण काय झालं? मला दहा किलोमीटरवरच्या एका शाळेत घेतलं, पगार तोच राहिला आणि भिंतीकडे तोंड करून मला एक दिवससुद्धा बसावं लागलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी काय करून बसलो, या विचारानं मला कित्येक वर्षं झोप धड लागली नाही.

यास्मिननं मात्र हार मानली नाही. कोल्हापुरात एका दुकानात पडेल ते काम करत ती नवं तंत्र पहिल्यापासून शिकली, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकली, बिघडलेले बोर्ड विकत घेऊन ते उघडत शिकली. डिप्लोमाची तीन वर्षं जे देतात, ते मिळवायला तिला नऊ वर्षं लागली. मग गावी येऊन तिनं एसटी स्टँडच्या मागं पहिल्या मजल्यावर स्वतःचं वर्कशॉप काढलं. एसीचे, वॉशिंग मशीनचे, सोलर पंपांचे बोर्ड तिच्याकडे तीन-तीन जिल्ह्यांतून यायला लागले. हाताखाली सहा मुली ठेवल्या. माझ्या घरचं काहीही बिघडलं की मी तिच्याकडे जायचो. ती पैसे घ्यायची नाही, चहा मागवायची आणि परतताना रस्त्यापर्यंत येऊन मला रिक्षात बसवून द्यायची. मुलींना सांगायची, हे माझे सर. मी तिच्याकडे का जायचो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे गावात इतरही होते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि दोनच महिन्यांनी वॉशिंग मशीनचा बोर्ड पिशवीत घालून तिच्याकडे गेलो. दुपारचे सव्वादोन झाले असतील. बाबालालभाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, त्यांचा फोटो तिनं टेबलासमोर लावला होता. बाहेरच्या खोलीत अंकिता कोळेकर नावाची मुलगी बोर्ड खोक्यात भरत होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती. यास्मिननं मधलं दार ओढून घेतलं.

“बरं झालं आलात सर,” ती म्हणाली. “एक विचारायचं होतं.”

तिनं सांगितलं ते असं. अंकिताला पुण्याकडच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे बोर्ड बनवायचं. उद्या सकाळी हजर व्हायचं आणि सोबत इथल्या तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला न्यायचा, नाहीतर ती जागा दुसरीला. पण यास्मिनकडे दिवाळीपर्यंतचं मोठं काम येऊन पडलं होतं आणि अंकितासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. दाखला टाइप करून तयार होता. तो ड्रॉवरमध्ये होता आणि त्यावर सही नव्हती. सकाळपासून यास्मिन तिला सांगत होती, शिक्का सापडत नाही.

मी हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

“तुम्ही त्या दिवशी माझा दाखला ठेवून घेतलात ना सर,” ती शांतपणे म्हणाली. “किल्ली तुमच्या स्कूटरलाच होती. भाऊसाहेबांच्या दारात. हिरवी नाडी होती, पुठ्ठ्यावरचं मी वाचलं.”

मी एवढंच विचारलं, की तू बोलली का नाहीस?

“सोळा वर्षांची होते. आधी रडायला आलं. मग पायरीवर बसले तेव्हा मनात आलं, सर एवढे मोठे, माझ्यासारख्या पोरीला ठेवून घ्यायला इतकं खोटं बोलतात, म्हणजे त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार. म्हणून अब्बांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते म्हणायचे, सरांनी लई धावपळ केली. मी म्हणायचे, हो अब्बा.” तिनं सोल्डरिंगची गन स्टँडवर ठेवली. “कोल्हापुरात दुकानदार म्हणायचा, हे पोरींचं काम नाही. तेव्हा मला हेच आठवायचं. नऊ वर्षं त्याच्यावर काढली सर. आता अंकिताला अडवावं का सोडावं, मला कळेना झालंय. तिला अडवण्यासारखं तिच्यात आहे का, का मी माझ्याच सोयीचं बघतेय? म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला माझ्यात काय दिसलं होतं?”

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तुझा हात, असं म्हणायचं. दोन शब्द, आणि ते खोटंही नव्हतं. तिचं मन राहिलं असतं, माझी लाज राहिली असती आणि मी नेहमीसारखा चहा पिऊन रिक्षात बसलो असतो. दाराच्या फटीतून अंकिताची पाठ दिसत होती. अडीच वाजले होते.

“काही दिसलं नव्हतं, यास्मिन,” मी म्हणालो. “सोमवारी पट मोजणार होते. तू गेलीस तर एकोणीस होत होते. तू विसावी होतीस.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग अब्बांच्या फोटोकडे बघितलं. मी खाली मान घालून बसलो होतो. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, चार शब्द सुनावेल. त्याची मी वाटच बघत होतो.

“विसावी,” ती फक्त एवढंच म्हणाली.

मग तिनं ड्रॉवर उघडला. दाखला वरच होता आणि शिक्का त्याच्या शेजारी. तिनं सही केली, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि अंकिताला हाक मारली. पोरगी आली, कागद हातात पडताच तिचा चेहरा असा उजळला, की मला तो बघवेना. ती निघाली आणि दारातून परत वळली.

“सर, मॅडम नेहमी सांगतात,” ती मला म्हणाली, “तुमी नसतासा तर त्या हितवर आल्याच नसत्या.” आणि मी पाय मागं घेण्याआधीच ती वाकून माझ्या पाया पडली.

“पळ,” यास्मिन म्हणाली. “तीनची गाडी चुकेल.”

जिन्यावरून तिच्या चपला वाजत खाली गेल्या. यास्मिननं माझा बोर्ड पिशवीतून काढला, भिंग डोळ्याला लावलं आणि मान न उचलता म्हणाली, “उद्या न्या सर. दोनशे होतील.”

मी एकटाच जिना उतरलो. घरी जायला रिक्षा न करता स्टँडवर गेलो. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पुण्याची गाडी फलाटावरून सुटली होती आणि अंकिता तिथं कुठं दिसली नाही. तिला गाडी मिळाली होती. मी बाकावर बसलो आणि पाच वाजेपर्यंत तिथून उठलो नाही.